ताईंचा शब्द

२०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल सरकारलाच परत करायला सुरुवात केली. घोळक्याने प्रकल्प कार्यालयात जायचं, फोन टेबलावर ठेवायचा आणि परत यायचं. गरिबाच्या हातात फोन आला की त्याचं भलं होतं, हे आपल्या कानांवर इतकं पडलेलं आहे की हातातला फोन परत करणाऱ्या बायका पुष्कळांना अडाणी वाटल्या. 'यांना नवीन काही शिकायला नको,' असं माझ्या परिचयातले चांगले शिकलेले लोक म्हणाले. मला तसं तेव्हाही वाटलं नव्हतं, आता तर मुळीच वाटत नाही. नवं यंत्र आलं की ते कोणाचं काम हलकं करतं आणि कोणाचं वाढवतं, हे आपल्याकडे फार थोड्या लोकांनी विचारलं. या बायकांनी विचारलं. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी यंत्र ठेवून दिलं.

त्यांच्या तक्रारी अगदी रोजच्या होत्या. फोन २०१९मधले, दोन जीबी रॅमचे. दोन वर्षांत ते तापायला आणि अडकायला लागले. वॉरंटी संपली आणि दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या गळ्यात पडायला लागला. त्यातच मार्च २०२१मध्ये केंद्र सरकारचं 'पोषण ट्रॅकर' हे नवं ॲप आलं. या फोनमध्ये ते मावेना, आणि मावलं तरी ते इंग्रजीत. वाडीवरच्या बाळांची नावं इंग्रजी अक्षरांत भरायची, त्यांची वजनं-उंची भरायची, आणि जवळची अकरा रजिस्टरंही लिहीत राहायची. भाषेचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे ॲप मराठीत आलं. म्हणजे ज्या मागण्यांना लोक हटवादीपणा म्हणत होते त्या रास्त होत्या.

पण भाषा बदलता येते, फोनही नवा देता येतो. २०२५मध्ये जे आलं ते अधिक खोल जाणारं आहे आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोललो.

१ जुलै २०२५पासून टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पूरक आहार, देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी सक्तीची झाली. हा आहार गरोदर मातांसाठी असतो, स्तनदा मातांसाठी असतो आणि सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी असतो. आधी आधारवरून ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन खातरजमा, करायची, त्यासाठी आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येतो. मग बाईचा फोटो काढून आधारवरच्या फोटोशी जुळवायचा. त्यानंतर आहार वाटताना तिला पुन्हा फोनसमोर उभं करायचं, डोळ्यांची उघडझाप करायला सांगायची, आणि फोनने 'जुळला' म्हटलं की पाकीट द्यायचं.

ज्या घरात एकच मोबाईल आहे, त्या घरात तो नवऱ्याकडे असतो आणि नवरा कामावर असतो. ओटीपी येतो तो नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यात नाहीतर कुठल्यातरी बांधकामावर. तिथून फोन करून त्याने तो सांगायचा, तोवर त्याची मुदत संपायची नाही अशी आशा करायची. पुष्कळ जणींच्या आधारला जो नंबर जोडलेला आहे तो केव्हाच बंद पडलेला असतो. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा असतो. आणि ज्या बाईचा चेहरा जुळवायचा ती सातव्या महिन्यात सुजलेली असते, बाळंतपणानंतर उतरलेली असते. मेळघाटात, धडगावच्या पाड्यांवर, भामरागडला नेटवर्कसाठी माणसं टेकडी चढतात. तिथे हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पोषण आहाराच्या पाकिटासाठी.

माझी आत्या अकोले तालुक्यात अंगणवाडी सेविका होती. सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायचे, आणि तिच्या मागे मागे फिरायचे. तिला गावात सगळे 'ताई' म्हणायचे, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. झोळीच्या काट्याला बाळ लटकवायचं, ते रडायला लागलं की त्याच्या आईशी दुसरंच काहीतरी बोलत राहायचं आणि मध्येच आकडा टिपून घ्यायचा, ही तिची हातोटी मला अजून दिसते. वजनाच्या तक्त्यावर ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात सरकला की ती आईला तिथल्या तिथे काही बोलायची नाही. संध्याकाळी तिच्या घरी जायची. चुलीपाशी बसायची. कोणाच्या घरात दिवसातून दोनदा चूल पेटते आणि कोणाच्या एकदाच, कोणाचा नवरा पिऊन येतो, कोणाची सासू सुनेला ताटात शेवटी वाढते, हे तिला ठाऊक होतं. कोणत्या घरी दिलेलं पाकीट शेळीच्या पुढ्यात पडतं हेही तिला ठाऊक होतं, आणि त्या घरी ती पाकीट देऊन थांबायची नाही, समोर बसून ते शिजवायला लावायची.

एका सुनेला सासू घराबाहेर पडू द्यायची नाही. तिचा आहार आत्या पदराखाली झाकून नेऊन द्यायची, 'जरा पीठ उसनं घेतलं होतं, ते द्यायला आले' असं सासूला सांगून. कागदावर त्या सुनेची सही असायची, कारण ती आत्यानेच घरी नेऊन घेतलेली असायची. आजच्या नियमात ही गोष्ट कशी बसवायची? सून केंद्रावर आली नाही. तिचा चेहरा फोनसमोर आला नाही. यंत्राच्या लेखी आहार वाटलाच गेला नाही, किंवा वाटला असेल तर चोरीला गेला.

आत्या देवमाणूस होती असं मला म्हणायचं नाही. सगळ्याच सेविका तिच्यासारख्या नसतात, हे तीच सांगायची. पण पन्नास वर्षं ही सगळी योजना ज्याच्यावर उभी राहिली ते भांडवल हेच होतं की वस्तीतली एक बाई वस्तीतल्या प्रत्येक बाळाला नावाने ओळखते. २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तेहेतीस प्रकल्प होते. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर. यातल्या बहुतेक ठिकाणी सेविका त्याच गावची आहे. ज्या बाईला गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यापासून ती बघते आहे, ती बाई तीच आहे की नाही हे तिला आता फोनला विचारावं लागतं. आणि फोन नाही म्हणाला, तर तिच्या 'हो'ला किंमत नाही.

हे किती विचित्र आहे ते मला आईमुळे कळलं. आई सत्तरीच्या पुढची, उभा जन्म शेतात आणि पाण्यात गेलेला, तिच्या बोटांवर आता रेषा म्हणाव्या अशा उरलेल्या नाहीत. एका बँकेत ती पेन्शनचे पैसे काढायला गेली, मी बरोबर होते. खिडकीपलीकडचा माणूस आम्हाला चांगला ओळखणारा. त्याच्या मुलीच्या लग्नात आई पोळ्या लाटायला गेलेली. त्याने 'या मावशी' म्हणून खुर्ची दिली, पाणी दिलं, वडिलांची चौकशी केली. मग आईने अंगठा ठेवला. मग दुसरं बोट. मग हात पुसून पुन्हा अंगठा. आणि तो म्हणाला, 'मशीन घेत नाही हो मावशी.' त्याच्या चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याचं दिसत होतं. आईला तो नावाने ओळखत होता, तिच्या घरातल्या सगळ्यांना ओळखत होता, आणि ती 'ती'च आहे असं म्हणायचा अधिकार त्याला नव्हता.

त्या दिवशी आई परतताना काही बोलली नाही. रात्री जेवताना म्हणाली, 'मी काय खोटं बोलत होते का गं?' कोणी तिला खोटारडी म्हटलं नव्हतं. पण ती जे बोलली ते बरोबर होतं. यंत्र जेव्हा 'जुळत नाही' म्हणतं तेव्हा ते समोरच्या माणसाला एवढंच सांगतं की तू जो म्हणतोस तो तू असल्याचं सिद्ध झालेलं नाही. आता सिद्ध करायचं ओझं तुझं. चूक कोणाची, ते विचारायला समोर कोणी नाही. खिडकीतला माणूस म्हणतो माझ्या हातात नाही. त्याचा साहेब म्हणतो वरून आलंय. वर जे बसलेत त्यांना आईचा अंगठा कधी दिसणारच नाही.

नंदुरबार जिल्ह्यात टेंभली नावाचं गाव आहे. २९ सप्टेंबर २०१०ला देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या एका बाईला दिला गेला, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधींच्या उपस्थितीत. ज्यांच्याजवळ कसलाच कागद नाही त्यांना सरकारदरबारी उभं राहता यावं, असं तेव्हा सांगितलं गेलं, आणि त्यात तथ्य होतं. रेशनकार्डासाठी, जातीच्या दाखल्यासाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत चपला झिजवणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाचा एक नंबर मिळणं ही मोठी गोष्ट होती. पण नंबर देणं आणि दर वेळी अंगावरून तो नंबर सिद्ध करायला लावणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं माणसाच्या हातात काहीतरी देतं. दुसरं हातात असलेलं रोज पुन्हा तपासतं. आपण पहिल्याच्या आनंदात दुसऱ्याला सरसकट होकार देऊन बसलो.

२०१८मध्ये आधार प्राधिकरणाचे त्या वेळचे मुख्य कार्यकारी अधिकारी अजय भूषण पांडे यांनी सर्वोच्च न्यायालयात सादरीकरण केलं. सरकारी सेवांमध्ये पडताळणी ८८ टक्के वेळा यशस्वी होते, असा त्यात आकडा होता. ८८ टक्के म्हणजे परीक्षेत विशेष प्राविण्य. पण रेशनच्या रांगेत त्याचा अर्थ शंभरातल्या बारा वेळा 'नाही' असा होतो, आणि हे बारा कोण असतात ते सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. म्हातारे असतात, ज्यांची बोटं झिजली ते असतात, विड्या वळणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बायका असतात. त्याच्या आदल्या वर्षी, सप्टेंबर २०१७मध्ये, झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधारशी जोडलेलं नाही म्हणून तिच्या घरचं रेशनकार्ड रद्द झालेलं होतं. घरचे म्हणाले भुकेने गेली, प्रशासन म्हणालं मलेरियाने. घरात धान्य नव्हतं, याचं उत्तर मात्र प्रशासनाच्या स्पष्टीकरणात मिळत नाही.

चेहऱ्याच्या पडताळणीला बोटांची अडचण नाही, असं तिचे पुरस्कर्ते सांगतात. चेहरा झिजत नाही, हे खरं. पण चेहरा ओळखणारं यंत्र 'हो' किंवा 'नाही' असं स्वतःहून म्हणतच नसतं. दोन फोटोंमध्ये साम्य किती, याचा ते एक आकडा काढतं. अमुक आकड्याच्या वर गेलं तर 'हो' समजायचं, ही रेघ कोणीतरी माणसाने आखलेली असते. रेघ वर नेली तर तोतया सापडण्याची शक्यता वाढते आणि खरी बाई परत जाण्याचीही वाढते. खाली आणली तर उलट. म्हणजे तंत्रज्ञानाच्या पोटात एक नैतिक निर्णय घेतलेला असतो: एक तोतया पाकीट घेऊन जाऊ नये म्हणून किती खऱ्या आयांना परत पाठवलेलं चालेल? हा निर्णय विधानसभेत झाला नाही, ग्रामसभेत तर नाहीच. तो कुठल्यातरी सेटिंगमध्ये भरलेला आकडा आहे.

आणि सगळ्यांचे चेहरे यंत्राला सारखे वाचता येत नाहीत. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी २०१८मध्ये, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या बड्या कंपन्यांच्या प्रणाल्या तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकण्याचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघालं. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं. ती तपासणी आपल्या ॲपची नव्हती आणि तिथला प्रश्नही थोडा निराळा होता. तरी उन्हात रापलेली, काळीसावळी, स्वस्त फोनच्या कॅमेऱ्यासमोर पत्र्याच्या खोलीतल्या अंधारात उभी असलेली कोरकू किंवा पावरा आदिवासी बाई डोळ्यांसमोर आणली, की यंत्राच्या तटस्थपणावर डोळे मिटून विश्वास ठेवणं मला जमत नाही.

'पण चोरी थांबायला नको का?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो योग्य आहे. पोषण आहारात चोरी होते. बोगस नावं असतात. सेविकांनीही पाकिटं विकल्याची प्रकरणं झाली आहेत, त्यांची गय करू नये. मात्र या योजनेतली मोठी गळती कुठे होती हे सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालांतून कळतं. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात न्यायालयाने २००४मध्ये सांगितलं की या आहारात कंत्राटदार नकोत, स्थानिक महिला मंडळांना आणि बचत गटांना काम द्या. त्यानंतरही महाराष्ट्रात महिला मंडळांच्या पाट्या लावून बडे पुरवठादारच आत राहिले. फेब्रुवारी २०१९मध्ये न्यायालयाने राज्याची २०१६ची टीएचआरची निविदा प्रक्रिया रद्द केली, कारण तिच्या अटी बड्यांना सोयीच्या आणि खऱ्या बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या होत्या. ही कोट्यवधींची गोष्ट झाली. तिथे कोणाला कॅमेऱ्यासमोर उभं राहून डोळ्यांची उघडझाप करावी लागली नाही. कॅमेरा आला तो साखळीच्या अगदी शेवटच्या कडीपाशी, पाकीट घ्यायला हात पुढे करणाऱ्या बाईसमोर.

माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. डिजिटल व्यवस्थेचा संशय नेहमी खाली बघतो. वरच्या माणसाने खालच्यावर पाळत ठेवायची सोय ती फार चोख करते, खालच्या माणसाला वर बघायची सोय करायला मात्र विसरते. सेविकेला रोज केंद्र उघडल्याचा फोटो टाकावा लागतो. आहार निकृष्ट आला, पाकिटं मुदत संपत आलेली आली, महिनाभर आलीच नाहीत, तर याच ॲपवरून तिने पुरवठादाराचा फोटो वर टाकावा आणि त्याचं बिल थांबावं, अशी कल्पना कोणाला का सुचली नसेल?

रोजगार हमीचंच बघा. ही योजना आपल्या महाराष्ट्राने देशाला दिली. १९७२च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या विचारातून ती उभी राहिली आणि १९७७मध्ये तिचा कायदा झाला. कामावर हजेरीचं मस्टर असायचं, त्यावर अंगठा किंवा सही. पुढे देशाच्या योजनेत मस्टरच्या जागी फोटो आले, आणि जानेवारी २०२३पासून दिवसातून दोनदा कामाच्या जागेवरून फोटो टाकणं सगळीकडे सक्तीचं झालं. नेटवर्क नाही म्हणून फोटो गेला नाही तर राबलेला दिवस बुडायचा. मग जुलै २०२५मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना कळवलं की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकले जातात, फोटोचाच फोटो काढून टाकला जातो, तेव्हा हे फोटो आता माणसांनी तपासावेत. ज्याला चोरी करायची त्याने कॅमेऱ्यालाही वाट काढली. ज्याने खरोखर माती उपसली त्याचा दिवस मात्र वाया जात राहिला.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल पुरुषांनी लिहिलेल्या धोरणांत मला चकार शब्द सापडत नाही. आपल्याकडे बायका पहिले तीन महिने दिवस गेल्याचं कोणाला सांगत नाहीत. कोणाची दृष्ट लागू नये म्हणून म्हणा, किंवा राहिलं नाही तर लोकांना तोंड द्यावं लागू नये म्हणून म्हणा. आत्याला मात्र आधी कळायचं. ती रजिस्टरात नोंद करायची, लोहाच्या गोळ्या द्यायची आणि गप्प बसायची. रजिस्टर तिच्या कपाटात, कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. गावातल्या किती जणींचं काय काय राहिलं, काय गेलं, हे पोटात ठेवून ती निवृत्त झाली. आता ती नोंद, बाईच्या चेहऱ्यासकट, आधारसकट, नवऱ्याच्या मोबाईल नंबरासकट केंद्र सरकारच्या सर्व्हरवर जाते. कोणती बाई गरोदर होती आणि पुढे बाळाची नोंद आली नाही, हे एका यादीत दिसू शकतं. त्या नवऱ्याच्या नंबरावर उद्या कुठला मेसेज यावा आणि तो कोणी वाचावा? ज्या बाईने घरात न सांगता गर्भपात करून घेतला, कायद्याने तिला तो अधिकार आहे, तिच्या बाजूने विचार करणारा कोणी त्या ॲपच्या आखणीत बसला होता का?

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी म्हातारपणी या लढ्याला उभे राहिले म्हणून ते झालं. २०२३मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला. त्यात सरकारला सवलती आणि लाभ देण्यासाठी माहिती वापरायला चांगली ऐसपैस वाट ठेवलेली आहे. आणि संमती घेतली तरी ती कसली? पाकीट टेबलाच्या त्या बाजूला, बाळ कडेवर रडतंय, आणि 'फोटो काढू का?' असं विचारलं तर कोणती आई नाही म्हणेल?

यंत्राला माझा विरोध नाही, आत्याचाही नव्हता. वजन-उंची भरली की बाळ तीव्र कुपोषित आहे की मध्यम हे लगेच सांगणारं ॲप तिच्या हातात असतं तर तिचा तक्त्यावर ठिपके जुळवण्यातला वेळ वाचला असता, आणि तो वेळ तिने चुलीपाशी बसण्यात घालवला असता. २०१५मध्ये आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली, त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतच शिजवलेलं गरम जेवण मिळतं. बाया एकत्र बसून जेवतात. कोण आलं, कोण आलं नाही, हे पंगतीला दिसतं. तिथे पैसे वेळेवर पोचत नाहीत, हिशेब अडकतात. फोन तिथे लावा की, निधी कुठल्या टेबलावर किती दिवस पडून आहे ते गावाला दाखवायला.

पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५मध्ये ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबतीला आल्या. तेराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि लगेच विधवा झालेल्या अनुताई. बालवाडी सुरू केली, पण वारली आदिवासींच्या वस्तीतली मुलं तिथे येईनात. आईबाप मजुरीला गेलेले, मोठ्या मुलांच्या कडेवर धाकटी भावंडं, अंगावर धड कपडे नाहीत. तेव्हा या दोघींनी मुलं का येत नाहीत याचा जाब आईबापांना विचारला नाही. बालवाडी उचलून त्या वस्तीवरच गेल्या. कोणाच्यातरी अंगणात बसल्या, मुलांना न्हाऊ घातलं, केस विंचरले, नखं काढली, शिंपले-बिया-पानं घेऊन शिकवायला लागल्या. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली, म्हणजे मूल जिथे आहे तिथे शाळा. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. साऱ्या देशात आज जिला अंगणवाडी म्हणतात तिचं मूळ त्या अंगणात आहे.

ताराबाईंना ते मूल खरंच वारली घरातलं आहे की नाही, ते तेच आहे की त्याचा भाऊ आहे, हे तपासायची गरज वाटली नाही. मूल उपाशी आणि मळलेलं होतं, एवढं त्यांना पुरलं. ज्या मुलाला खायला हवं आहे त्याच्यापर्यंत जाण्याची जबाबदारी देणाऱ्याची, ही त्यांची धारणा होती. आता पोचण्याची आणि सिद्ध करण्याची, दोन्ही जबाबदाऱ्या घेणाऱ्यावर टाकल्या आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली बीडची बाई फोनसमोर चेहरा दाखवायला फडातून गावी कशी येणार? तिच्या बाळाचा आहार आधी आजीच्या हाती देता यायचा. डहाणू-जव्हारकडून भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या कुटुंबांचं तेच.

मागायचं काय, ते नवीन नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने २०१३पासून हा आहार हक्क झालेला आहे. २६ सप्टेंबर २०१८च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवलं आहे की आधार क्रमांक देता आला नाही म्हणून कोणत्याही बालकाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, दुसऱ्या कागदपत्रांवरून पडताळणी करून तो द्यावा लागेल. चेहरा जुळला नाही तर सेविकेची सही आणि शेजारणीची साक्ष पुरेशी, पाकीट आधी हातात, फोटोचं नंतर बघू, असा एक ओळीचा आदेश प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लागायला हवा. आणि तो आदेश पाळल्याबद्दल कोणत्याही सेविकेचं मानधन कापलं जाता कामा नये. मुदतीत किती टक्के चेहरे जुळवले यावरून पर्यवेक्षिका तिला धारेवर धरत असेल तर भिंतीवरच्या कागदाचा उपयोग नाही.

याच अन्नसुरक्षा कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे, ग्रामपंचायतीने आणि स्थानिक संस्थांनी करायच्या तपासणीची. पुढच्या ग्रामसभेत तिचा आधार घेऊन एकच यादी मागता येईल: या तीन महिन्यांत आपल्या गावातली कोणती आई, कोणतं बाळ आहाराविना परत गेलं आणि कोणत्या कारणाने. ॲपमध्ये नसली तरी ही यादी ताईंना तोंडपाठ असते. त्यांना ती न घाबरता वाचून दाखवता आली पाहिजे, आणि ती ग्रामसेवकाने इतिवृत्तात लिहून घेतली पाहिजे.